सेकंडहँड व्हीएमसी हलवताना: आधी मशीन आतून बांधा, मग ट्रकवर

भोसरीत घेतलेली जुनी व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या कंट्रोलवर धातू कापणारं उभं मशीन) कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत उतरते. बाहेर ओरखडाही नसतो, पॅनेल चालू होतं, स्पिंडल (टूल धरून फिरवणारा दांडा) फिरतो. मग कोणीतरी हँडल मोडमध्ये, म्हणजे पॅनेलवरचं छोटं चाक हाताने फिरवून, वाय अक्ष मागेपुढे करून बघतो आणि एका ठरावीक जागी खरखर लागते. विकणारा म्हणतो, आमच्याकडे असं काही नव्हतं. ट्रकवाला म्हणतो, पट्टा इंचभरही ढिला झाला नाही. दोघंही बहुधा खरंच बोलत असतात.

व्हीएमसी बाहेरून एकसंध दिसते, पण आत टेबल, सॅडल (टेबलखालचा सरकता भाग) आणि हेड (स्पिंडल धरणारा भाग) हे तीन जड भाग फक्त बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा, अक्ष सरकवणारा स्क्रू) आणि त्याच्या बेअरिंगच्या भरवशावर जागेवर राहतात. वीज असेपर्यंत सर्व्हो मोटर त्यांना धरून ठेवते. वीज गेली की बहुतेक मशीनमध्ये ब्रेक असतो तो फक्त झेड अक्षाला, म्हणजे हेडच्या वर-खाली हालचालीला. एक्स (डावी-उजवी हालचाल) आणि वाय (पुढे-मागे) मोकळे होतात. मग खड्ड्याखड्ड्याला चार-पाचशे किलोंचं टेबल त्याच त्या गोळ्यांवर, त्याच त्या जागी आपटत जातं. बाहेरचे पट्टे कितीही आवळले तरी त्याला अडवत नाहीत.

या लेखात एक्सची चाल ८०० मिमी, वायची ५०० मिमीच्या आसपास असलेली, एका कॉलमची (हेड पेलणाऱ्या उभ्या खांबाची) व्हीएमसी धरली आहे. लहान वर्कशॉप जुनी घेताना बहुतेक याच मापाची घेतात. टप्प्यांचा क्रम बदलू नका. यातली निम्मी कामं मशीन चालू असतानाच होतात, आणि वायर कापल्यावर आठवलं तर ती राहिलीच म्हणून समजा.

## टप्पा १: ट्रक ठरवण्याआधी

वजन मशीनच्या प्लेटवरून किंवा मॅन्युअलमधून घ्या. विकणाऱ्याचं "साडेतीन-चार टन असेल" हे वजन नव्हे. या मापाच्या व्हीएमसी साधारण साडेचार ते सहा टनांच्या असतात. एका टनाच्या चुकीने हायड्राही (माल उचलून चालणारी क्रेन) चुकतो आणि स्लिंगही (उचलायचा पट्टा किंवा दोर). मॅन्युअलमध्ये उचलण्याचं चित्र असतं: स्लिंग कुठे लावायचे, फोर्क कुठे घालायचे, टेबल आणि हेड कुठे उभं करायचं. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल आणि सिरियल नंबर देऊन कंपनीकडून ते पान मागवा. एवढ्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

दोन्ही ठिकाणचे दरवाजे, रस्त्यातले गटारांचे झाकण, उतार आणि शेडमधल्या लोंबत्या वायरी मापून घ्या. मशीन तीन मीटर उंच आणि ट्रकचा पाटा सव्वा मीटर वर असेल तर एकूण उंची सव्वाचार मीटर होते. अशा वेळी कमी उंचीचा लोबेड ट्रेलर लागतो किंवा मशीनचा वरचा काही भाग उतरवावा लागतो.

सावधान: उंची कमी करायला बरेच जण कॉलमच्या डोक्यावरची झेड मोटर काढतात. हेड धरून ठेवणारा ब्रेक त्याच मोटरमध्ये असतो. हेडखाली ठोकळा आणि हेड-कॉलम ब्रॅकेट दोन्ही पक्के झाल्याशिवाय त्या मोटरचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. शेकडो किलोंचं हेड सरळ खाली येतं आणि तेव्हा हात तिथेच असतो.

मशीन जपानी असेल तर आणखी एक चौकशी करा. डीएमजी मोरी, माझाक यांच्या अनेक मशीनमध्ये मशीन जागेवरून हललं की कंट्रोल लॉक करणारी यंत्रणा असते. कंपनीला आधी कळवून तिच्या माणसाकडून ती सोडवून घ्यावी लागते. हे राहिलं तर नव्या शेडमध्ये मशीन उभं राहतं, पण चालत नाही.

कागदपत्रांवर फार वेळ जात नाही, पण ते आदल्या दिवशीच उरकून घ्या. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. भोसरी ते शिरोली अंतर अडीचशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस मिळतात. हायड्रा यायला संध्याकाळ झाली तर मुदतीचा हिशेब बिघडतो, म्हणून मशीन प्रत्यक्ष ट्रकवर चढल्यावरच गाडी नंबर भरा. ट्रान्झिट विमा घेताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या: लोडिंग आणि अनलोडिंग यात धरलं आहे का? बरेचसे अपघात रस्त्यावर न होता याच दोन वेळी होतात.

## टप्पा २: मशीन चालू असताना

आधी बॅकअप. कंट्रोल फानुक कंपनीचा असेल तर बूट स्क्रीनवरून पूर्ण एसरॅम (कंट्रोलची मेमरी) कार्डवर उतरवा. त्याशिवाय पॅरामीटर, पीएमसी पॅरामीटर, लॅडर, पिच एरर कॉम्पेन्सेशन, मॅक्रो व्हेरिएबल आणि वर्क ऑफसेट ही कंट्रोलमधली सगळी सेटिंग वेगवेगळ्या फाइलमध्येही घ्या. एसरॅमची फाइल त्याच कंट्रोलवर परत चढवायला सोयीची असते, पण त्यातून एकच पॅरामीटर वाचायचा झाला तर तिचा उपयोग होत नाही. कंट्रोल जुना, संगणकावर चालणारा आणि फिरत्या हार्ड डिस्कचा असेल तर त्या डिस्कची पूर्ण प्रत काढा. ट्रकच्या धक्क्यांत सगळ्यात आधी तीच जाते.

मग बॅटरी. जुन्या मशीनमधली बॅटरी शेवटची कधी बदलली, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. सर्व्हो ॲम्प्लिफायरकडची ॲब्सोल्युट एन्कोडरची (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची) बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची. बंद मशीनमधून ती काढली तर अक्षांची शून्य जागा पुसली जाते आणि नव्या जागी तीनशे नंबरचा अलार्म वाट बघत असतो. कंट्रोलच्या मेमरीची बॅटरी वेगळी असते, तीही याच वेळी बदला. तरीही खबरदारी म्हणून प्रत्येक अक्ष होमला नेऊन टेबल-सॅडलवर आणि हेड-कॉलमवर बारीक खूण करा आणि फोटो काढा.

यानंतर मशीनची "आधीची तब्येत" लिहून घ्या. डायल इंडिकेटर लावून तिन्ही अक्षांचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा), टेस्ट बार असेल तर स्पिंडलचा रनआउट (फिरतानाचं डगमगणं) आणि टेबलवरच्या चार कोपऱ्यांची उंची. कागदावर दोघांच्या सह्या घ्या. यात अर्धा दिवस जातो आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा गाळतात. पुढे वाद झालाच तर त्या कागदाशिवाय तुमच्या हातात काही नसतं.

आता मशीन रिकामं करा:

१. मॅगझिनमधली सगळी टूल काढा, स्पिंडलमधलंही. चोवीस बीटी-४० टूलचं वजन सहज शंभर किलोंवर जातं आणि ते सगळं कॉलमच्या एका बाजूला लोंबत असतं.

२. व्हाइस, रोटरी, फिक्स्चर टेबलवरून उतरवा. "बोल्टने बांधलंय, राहू द्या" हे ऐकू नका.

३. चिप कन्व्हेयर रिकामा होईपर्यंत चालवा. मग कूलंट टँक उपसून कन्व्हेयर आणि टँक बाहेर ओढा. ते वेगळे जातील. जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत उचलणाऱ्याकडेच द्यायचं.

४. टेलिस्कोपिक कव्हरखालची चिप काढा. प्रवासात तीच चिप वायपरखाली सरकते आणि पहिल्या फेरीत गाइडवेवर (अक्ष ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवर) रेघ ओढते.

५. सगळे अक्ष पूर्ण स्ट्रोकमध्ये दोन-तीनदा फिरवून ल्युब्रिकेशन पंपाच्या हँड बटणाने गाइडवेवर ताजं तेल येऊ द्या. हे तेल गंजापासून वाचवतं आणि धक्क्यांत गोळ्या आणि पट्टी यांच्यामध्ये थर ठेवतं.

तपासणी: बॅकअपची फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितली? कार्डवर फाइल "दिसते" एवढ्यावर समाधान मानू नका. शून्य केबीची फाइलही यादीत दिसतेच.

## टप्पा ३: टेबल जागेवर, हेडखाली ठोकळा

मॅन्युअलमध्ये जी जागा दिली आहे तिथेच अक्ष उभे करा. मॅन्युअल मिळालंच नाही तर एक्स मधोमध आणि वायही साधारण मधोमध ठेवा. टेबल कुठल्याही टोकाला, लिमिटला टेकवून ठेवायचं नाही.

ठोकळा सुकलेल्या कठीण लाकडाचा हवा, साधारण १०० × १०० मिमीचा, दोन्ही तोंडं समांतर रंधलेली, वर-खाली रबराचा तुकडा. पॅकिंग केसच्या हलक्या लाकडाचा नको. तो रस्त्यात चेपला जातो आणि मधली फट वाढत जाते. टेबलचे टी-स्लॉट त्याच्याखाली पूर्ण झाकले जातील असा रुंद घ्या.

हेड हँडल मोडमध्ये आणा. शेवटचे काही मिलिमीटर एका क्लिकला ०.०१ मिमी या गतीने यायचं. ठोकळ्यावर कागद ठेवा, तो घट्ट धरला गेला की थांबा. लोड मीटर चढायला लागला तर तुम्ही हेड टेकवायचं सोडून दाबायला लागला आहात. बॉलस्क्रूवर उलटा ताण येतोय. दोन-चार क्लिक वर घ्या.

सावधान: ठोकळा स्पिंडलच्या तोंडाखाली ठेवू नका. प्रवासभर हेडचं वजन स्पिंडलच्या बेअरिंगवर आदळत राहील आणि जुन्या मशीनमधली सगळ्यात महाग वस्तू तीच आहे. हेडच्या कास्टिंगला दोन्ही बाजूंनी आधार द्या, किंवा एकाच रुंद ठोकळ्याला मध्ये भोक पाडा म्हणजे स्पिंडलचं नाक मोकळं राहील.

## टप्पा ४: वीज आणि हवा तोडणे

मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा आणि चावी खिशात ठेवा. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. दहा मिनिटं थांबून मीटरने मोजल्याशिवाय पॅनेलमध्ये हात घालू नका. येणाऱ्या केबलच्या तिन्ही फेजवर आर-वाय-बी असे फेरूल (नाव छापलेल्या नळ्या) लावा. नव्या जागी फेज उलटे लागले तर कूलंट पंप, हायड्रॉलिक मोटर आणि कन्व्हेयर उलटे फिरतात. वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या टॅपिंगचाही फोटो घ्या.

हवा सोडून पाइप काढा आणि सगळी तोंडं प्लगने बंद करा. टेप चालत नाही, तेलावर ती सुटते. ल्युब्रिकेशन टँक, हायड्रॉलिक टँक आणि स्पिंडल चिलर रिकामे करा. पॅनेलमधली कार्डं मात्र जागेवरून काढू नका. कनेक्टर बोटाने दाबून बसलेत की नाही एवढंच बघा, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि दार बंद करा.

## टप्पा ५: ब्रॅकेट

बाकी सगळं जमलं आणि हेच बिघडलं तर सुरुवातीला सांगितलेली खरखर येणारच. म्हणून इथे घाई नको.

नवीन मशीन येताना लाल, पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचे शिपिंग ब्रॅकेट लावलेले असतात. पंधरा वर्षांनी ते भंगारात गेलेले असतात. विकणाऱ्याकडे पॅनेलच्या मागे, रॅकच्या खाली एकदा शोधून बघा. कधी कधी सापडतात. नाही मिळाले तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १० किंवा १२ मिमी एमएस फ्लॅटचे (साध्या लोखंडी पट्टीचे) बनवून घ्या. लागतील ते असे:

- टेबल ते सॅडल, म्हणजे एक्ससाठी
- सॅडल ते बेड (मशीनचं तळाचं कास्टिंग), वायसाठी
- हेड ते कॉलम, झेडसाठी
- काउंटरवेट (हेडचं वजन तोलणारं वजन) असेल तर काउंटरवेट ते कॉलम, बहुधा पिनने

काउंटरवेटचं बरेच जण विसरतात. नव्या लहान व्हीएमसीत तो नसतो, पण जुन्या मशीनमध्ये कॉलमच्या आत साखळीला टांगलेला मोठा कास्टिंगचा तुकडा असू शकतो. कॉलमच्या वर चेनची चाकं दिसली तर तो आहे असं समजा. हेड बांधून काउंटरवेट मोकळा ठेवला तर तो कॉलमच्या आत झोके घेतो, साखळी चाकावरून उतरते आणि बाहेरून काही कळत नाही. कॉलमला त्याच्यासाठी पिन घालायचं भोक बहुतेक वेळा असतंच.

ब्रॅकेट बसवण्यासाठी मशीनवर असलेलीच थ्रेडची भोकं किंवा टेबलचे टी-स्लॉट वापरा. टेलिस्कोपिक कव्हर काढावं लागलं तर काढा. आता मुख्य मुद्दा: ब्रॅकेटने अक्ष ओढायचा नाही, तो आहे तिथेच धरायचा आहे. म्हणून ब्रॅकेटच्या एका टोकाला लांबट भोक ठेवा. एक बाजू घट्ट करा, दुसरी बाजू टेकते का बघा, फट असेल तर फीलर गेजने मोजून तेवढी शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला आणि मगच आवळा.

तपासणी: टेबलला डायल लावून ठेवा आणि दुसरी बाजू आवळताना काट्याकडे बघा. ०.०१ ते ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला तर ब्रॅकेट ओढतोय. सैल करा, शिम बदला. हेच प्रत्येक अक्षाला.

जवळपास कुठेही थ्रेड नसेल तर काय? कास्टिंगला भोक पाडायचं नाही. वेल्डिंग तर मुळीच नाही. वेल्डिंगचा करंट परतीचा मार्ग शोधत बेअरिंगमधून जातो आणि एन्कोडर, कार्डं यांनाही धक्का बसतो. अशा वेळी सॅडलच्या दोन्ही बाजूंना, बेडच्या कास्टिंगवर लाकडी ठोकळे बसवून समोरासमोरच्या पाचरी एकाच वेळी हलक्या हाताने ठोका. एका बाजूची पाचर आधी पक्की केली की सॅडल सरकतं. ठोकळा गाइडवेवर किंवा स्क्रूच्या कव्हरवर टेकता कामा नये. ही तडजोड आहे. ब्रॅकेटची बरोबरी ती करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरी.

शेवटी प्रत्येक ब्रॅकेट भडक लाल रंगवा आणि मशीनच्या दारावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: "आत ३ ब्रॅकेट, १ पिन, १ ठोकळा. काढल्याशिवाय अक्ष हलवू नका." तिकडे मशीन उतरवणारा माणूस तुम्ही नसाल.

## टप्पा ६: बाहेरचे भाग

टूल चेंजरचा आर्म होम स्थितीत ठेवून बांधा. मॅगझिन कॉलमला टांगलेलं असेल तर त्याच्या खालून बेडपर्यंत लाकडी टेकू द्या. ऑपरेटर पॅनेलचा हात आतल्या बाजूला फिरवून त्याचा लॉक बोल्ट आवळा, स्क्रीनवर फोम आणि प्लाय लावा. दारं बंद करून मधल्या फटीत फोम भरा आणि आतून बोल्ट किंवा पट्टीने अडकवा. सेलोटेपवर दार सोडू नका. वरचा सिग्नलचा दिवा काढून पिशवीत घाला. उघड्या लोखंडावर, टेबल आणि स्पिंडल टेपरवर गंजविरोधी तेल. सगळे नट-बोल्ट, शिम, लेव्हलिंग पॅड नाव लिहिलेल्या पिशव्यांत घालून एकाच पेटीत ठेवा आणि ती पेटी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये द्या.

## टप्पा ७: उचलणे

लेव्हलिंग बोल्ट पूर्ण वर घ्या, नाहीतर मशीन बोल्टच्या टोकांवर उभं राहील. टो जॅकने (कडेखाली शिरणाऱ्या ओठाच्या जॅकने) एका वेळी एक कोपरा, दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, लगेच खाली पॅकिंग आणि मग पुढचा कोपरा. जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

हायड्राने उचलताना. "१४ टनी हायड्रा" याचा अर्थ बूम आखूड आणि माल चाकांच्या अगदी जवळ असताना १४ टन. बूम बाहेर काढली की क्षमता झपाट्याने घसरते. ऑपरेटरला लोड चार्ट दाखवायला सांगा, आपल्या बूम लांबीला आपलं वजन त्यात बसतं का ते बघा. माल घेऊन चालताना मशीन जमिनीपासून वीतभरच वर, दोन्ही बाजूंना दोऱ्या धरून माणसं, आणि बूमखाली कोणीही नाही.

स्लिंगचा कोन बहुतेकांना सुचत नाही. दोन स्लिंगनी ५ टन उचलताना कोन जमिनीशी ६० अंश असेल तर प्रत्येक स्लिंगवर सुमारे २.९ टन येतात, ४५ अंशांवर ३.५ टन आणि ३० अंशांवर तब्बल ५ टन. स्लिंग आखूड घेतला की कोन पसरट होतो आणि ताण वाढतो. चार स्लिंग लावले तरी हिशेब दोनचाच करा. घट्ट वस्तूवर चारही सारखे कधीच ओढले जात नाहीत. पत्र्यावर दाब येत असेल तर वर स्प्रेडर बीम (स्लिंग बाजूला पसरवून धरणारा आडवा दांडा) घाला. हेड, मोटर किंवा टूल चेंजरला स्लिंग लावायचा नाही. तो लागतो फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कास्टिंगच्या भोकांना.

फोर्कलिफ्टने उचलताना. फोर्कलिफ्टच्या प्लेटवरची क्षमता लहान-मध्यम गाड्यांना बहुधा ५०० मिमी लोड सेंटरवरची असते, म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या तोंडापासून तेवढ्या अंतरावर धरून. आपल्या मशीनचा गुरुत्वमध्य फोर्कच्या तोंडापासून मीटरभर दूर असतो. तेवढ्या अंतरावर ५ टनी फोर्कलिफ्ट साधारण सव्वातीन टनच पेलते. ५ टनांच्या मशीनला ५ टनी फोर्कलिफ्ट पुरते, हा भोसरी-चाकणमधला सगळ्यात लोकप्रिय गैरसमज आहे.

तपासणी: पहिल्यांदा फक्त २०-३० मिमी उचला आणि मिनिटभर थांबा. मशीन तिरकं झालं तर खाली ठेवा आणि स्लिंग बदला. समतोल साधायला आतला ब्रॅकेट सैल करून टेबल सरकवू नका. असं सुचवणारा कोणीतरी असतोच.

## टप्पा ८: ट्रकवर

मशीन बेडच्या कास्टिंगवरच टेकलं पाहिजे, पत्र्याच्या ट्रेवर नाही. खाली जाड रबर मॅट घाला. तिचं महत्त्व आकड्यांत बघा. जोराचा ब्रेक लागला की मशीन आपल्या वजनाच्या सुमारे ०.८ पट जोराने पुढे सरकू बघतं, बाजूला आणि मागे सुमारे ०.५ पट. ५ टनांच्या मशीनला पुढच्या बाजूला ४ टन अडवायचे आहेत. लोखंड-लाकडाचं घर्षण ०.३ धरलं तर दीड टन आपोआप अडतं आणि उरलेले अडीच टन बांधणीवर येतात. रबर मॅटवर घर्षण ०.६ पर्यंत जातं, मग बांधणीवर उरतो फक्त एक टन. एका मॅटने हा फरक पडतो. ट्रकच्या पाट्यावर तेल, माती, ओली चिप असेल तर हा सगळा हिशेब पाण्यात जातो, म्हणून पाटा आधी झाडून घ्या.

तोंड कुठल्या दिशेला? मशीन उलटू नये यासाठी गुरुत्वमध्यापासून केबिनकडच्या कडेपर्यंतचं अंतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या ०.८ पटीहून जास्त हवं. एका कॉलमच्या व्हीएमसीत गुरुत्वमध्य कॉलमच्या जवळ असतो, म्हणून मशीनची पुढची बाजू केबिनकडे ठेवली की हे अंतर जास्त मिळतं. माझा कल तिकडेच आहे, जरी ट्रकवाले "पाठ केबिनला लावू" म्हणत असले तरी. बेडच्या पुढे, केबिनच्या भिंतीपर्यंत लाकडी ओंडके भरून सरकण्याला थेट अडथळा करा. बाजूंनाही पाट्यावर ठोकळे ठोका.

आता बांधणी. वरून पट्टा टाकून आवळणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. हाताच्या रॅचेटने फार तर काहीशे किलोंचा ताण येतो. खाली दाबून मिळणारं घर्षण त्यामानाने नगण्य, आणि पत्रा मात्र चेपतो. त्याऐवजी बेडच्या चार कोपऱ्यांपासून चार साखळ्या तिरक्या काढा: दोन पुढे, दोन मागे, पाट्याशी ३० ते ४५ अंशांत. ८ मिमीची ग्रेड ८० साखळी प्रत्येकी ४ टन धरते. पट्टेच वापरायचे तर ५० मिमीचे, लेबल शाबूत असलेले घ्या. सरळ ओढीत ते अडीच टन धरतात. फाटलेला, गाठ मारलेला पट्टा बाजूला टाका. कॉलम उंच आणि जड असेल तर कॉलमच्या वरच्या लिफ्टिंग पॉइंटपासून आणखी दोन साखळ्या, फक्त डुलणं थांबवायला, हलक्या ताणात.

सावधान: साखळीचं दुसरं टोक कुठे अडकवताय ते बघा. ट्रकच्या फळ्यांना असलेले दोरीचे हुक ताडपत्रीसाठी असतात. साखळी चॅसीसच्या किंवा आडव्या बीमच्या पक्क्या जागेलाच जाऊ द्या.

पावसाळ्यात आधी मशीनवर प्लॅस्टिक, मग ताडपत्री. खालून थोडी हवा खेळू द्या. आत कूलंटचा ओलावा राहिला आणि वरून घट्ट बंद केलं तर मशीन आतून घाम धरतं. ताडपत्री फडफडणार नाही अशी बांधा, नाहीतर शिरोलीपर्यंत रंग घासून जातो.

## टप्पा ९: रस्त्यात

पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर ट्रक थांबवून सगळ्या साखळ्या पुन्हा आवळा. लाकूड आणि रबर तेवढ्यात बसलेलं असतं. भोसरीहून निघालेल्या गाडीला खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळची सुरक्षित जागा यासाठी सोयीची, म्हणजे खंबाटकी घाटाच्या आधी हे काम होतं. दुसरी तपासणी घाट उतरल्यावर. ड्रायव्हरला भाड्याइतकंच स्पष्ट सांगा: ब्रेकर आणि पुलांच्या जोडांवर गाडी जवळजवळ थांबवायची.

## टप्पा १०: उतरवल्यावर

बिल्टीवर सही करताना "बाहेरून ठीक, आतली तपासणी बाकी" असं लिहून मगच सही करा. कोऱ्या सहीनंतर विमा कंपनीशी बोलणं कठीण होतं.

मशीन शेवटच्या जागेवर, लेव्हलिंग पॅडवर उभं राहीपर्यंत एकही ब्रॅकेट काढू नका. मग क्रम असा:

१. बेड स्पिरिट लेव्हलने कच्चं लेव्हल करा.

२. एक्स आणि वायचे ब्रॅकेट काढा, मग काउंटरवेटची पिन, मग झेडचा ब्रॅकेट. हेडखालचा ठोकळा राहू द्या.

३. दारावर लिहिलेली संख्या आणि काढून ठेवलेले तुकडे, हेडखालचा ठोकळा धरून, जुळवा. एक कमी असेल तर वीज जोडू नका.

४. पावसाळ्यात मशीन आणि पॅनेल एक रात्र शेडमध्ये सुकू द्या. कनेक्टर आणि टर्मिनल पुन्हा दाबून, आवळून घ्या.

५. व्होल्टेज आणि अर्थिंग मोजा, फेज तपासा, हवा जोडा, ल्युब्रिकेशन टँक भरा.

६. वीज द्या. अक्ष हलवण्याआधी हाताने ल्युब्रिकेशन पंप चालवून गाइडवेवर तेल आलेलं डोळ्यांनी बघा.

७. झेड हँडल मोडमध्ये सावकाश वर घ्या आणि मगच ठोकळा काढा.

८. एक्स आणि वाय कमी गतीत पूर्ण स्ट्रोक फिरवा, कान मशीनला लावून. लोड मीटर एका जागी उसळतो का, तेही बघा.

९. होमच्या खुणा जुळतात का पाहा. मग अचूक लेव्हल करा, स्पिंडल कमी आरपीएमपासून टप्प्याटप्प्याने गरम करा आणि टप्पा २ मध्ये सह्या करून घेतलेला कागद काढून तीच मापं, त्याच डायलने, पुन्हा घ्या. फरक दिसला तर पहिली मापं आणि नवी मापं दोन्ही फोटोसकट त्याच दिवशी विकणाऱ्याला, ट्रान्सपोर्टवाल्याला आणि विमा कंपनीला पाठवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत मशीनवर कटिंग सुरू करू नका.